एकच ताई ची, अनेक पाठ: फॉर्ममधले फरक नव्या विद्यार्थ्याने कसे वाचावेत

ताई ची या चिनी युद्धकलेचा क्लास सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत हे घडतं. शिकलेला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने गुंफलेल्या हालचाली, घरी पक्का करावा म्हणून आपण यूट्यूब उघडतो आणि समोरचा माणूस भलतंच काहीतरी करत असतो. हालचालीचं नाव तेच, 'सिंगल व्हिप'. पण आपल्या सरांनी पुढचा गुडघा वाकवून उभं राहायला सांगितलंय, आणि हे गृहस्थ घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही गुडघे वाकवून उभे. दुसरा व्हिडिओ लावावा तर त्यातल्या बाईंची पाठ चक्क तिरकी. मग मनात येतं, आपले सर चुकीचं शिकवतायत की काय?

बहुतेक वेळा कुणीच चुकत नसतं. मराठी वाचकाला हे समजून घ्यायला एक शब्द हाताशी आहे: पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताने उतरवल्या जात होत्या, उतरवता उतरवता शब्द बदलत होते, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. ताई चीची पोथी तर माणसाचं शरीर. ती एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उतरते, आणि दोन शरीरं सारखी नसतात. प्रमाण पाठ ठरवायचा प्रयत्न चीनमध्येही झाला. 1956 साली तिथल्या क्रीडा आयोगाने 24 हालचालींचा सोपा फॉर्म बसवला. त्याने जुने पाठ पुसले गेले नाहीत, त्यांच्यात आणखी एकाची भर पडली.

हे फरक ओळखायचे कसे, त्यांना घाबरायचं कधी आणि कधी नाही, हे मी शिकले त्या क्रमाने सांगते.

पायरी 1: आपला फॉर्म कोणत्या घरचा, ते विचारा

सरांना तीन गोष्टी विचारा. शैली कोणती? तुम्ही कुणाकडे शिकलात? या फॉर्मच्या हालचाली किती धरतात? संकोच करू नका. जाणत्या शिक्षकाला हे प्रश्न आवडतात, आणि उत्तर वहीत लिहून ठेवलंत तर पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

उत्तर कळायला वंशवृक्ष थोडासा तरी माहीत हवा. हनान प्रांतातल्या 'वन' नावाच्या परगण्यात चेनजियागोऊ नावाचं गाव आहे. तिथल्या चेन घराण्यात ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. चेन छांगशिंग (1771–1853) यांच्याकडे बाहेरचा एक विद्यार्थी शिकला, यांग लूछान (1799–1872). तो हबेई प्रांतातल्या योंगन्यानचा. पुढे तो बेइजिंगला जाऊन शिकवू लागला, आणि त्याच्या घराण्याच्या ठेवणीला 'यांग' हे नाव पडलं. योंगन्यानच्याच वू यूश्यांग (1812–1880) यांच्यापासून एक 'वू' शैली निघाली. बेइजिंगमधल्या वू छुआनयौ (1834–1902) या यांग घराण्याच्या मांचू शिष्यापासून आणि त्यांचा मुलगा वू ज्यानछुआन (1870–1942) याच्यापासून दुसरी 'वू' शैली निघाली. चिनी लिपीत ही दोन आडनावं वेगळी आहेत, सूरही वेगळे. देवनागरीत मात्र दोन्ही 'वू' होतात आणि नवा माणूस हमखास फसतो. म्हणून पहिल्या शैलीला, ती पुढे नेणाऱ्या हाव वेईचन यांच्या नावावरून, पुष्कळ जण 'वू-हाव' म्हणतात. हेच हाव वेईचन बेइजिंगमध्ये आजारी पडले तेव्हा सुन लूथांग यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांच्याकडून ही कला घेतली. सुन त्याआधीच शिंगयी आणि बाग्वा या दोन कलांमध्ये मुरलेले होते. त्यांच्या ताई चीत ते मुरलेपण उतरलं, आणि पाचवी शैली उभी राहिली, 'सुन'.

नावांच्या स्पेलिंगचंही असंच. चिनी शब्द इंग्रजीत लिहायच्या दोन पद्धती चालत आल्यात, त्यामुळे एकच माणूस कुठे 'झेंग' तर कुठे 'चेंग' असा भेटतो. माणसं दोन समजू नका.

पायरी 2: सुरुवात बघून घर ओळखा

व्हिडिओ कुणाचा आहे हे लिहिलेलं नसतं, किंवा चुकीचं लिहिलेलं असतं. अशा वेळी पहिलं एक मिनिट पुरतं.

हात वर-खाली करून फॉर्म सुरू झाल्यावर लगेच 'चिमणीची शेपटी धरणे' (चिनीत लान छ्युए वेई) आणि त्याला जोडून सिंगल व्हिप आलं, तर तो परंपरागत यांग फॉर्म. सुरुवातीलाच 'रानघोड्याची आयाळ विंचरणे' एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, पुन्हा पहिल्या बाजूला असं तीनदा आलं, तर तो 1956 चा 24 हालचालींचा फॉर्म. ही आयाळ परंपरागत यांग फॉर्ममध्ये थेट शेवटच्या तिसऱ्या भागात येते. शिवाय 24 मध्ये चिमणीची शेपटी डावी-उजवी दोन्हीकडे धरतात, जुन्या फॉर्ममध्ये फक्त उजवीकडे. मूठ दुसऱ्या तळहातात पडते आणि पाय जमिनीवर आपटतो असं पहिल्या काही क्षणांतच दिसलं, तर घर चेन. या हालचालीचं नाव 'वज्रधारी द्वारपाल उखळात कांडतो' अशा अर्थाचं आहे, आणि यांग फॉर्ममध्ये ती नाही. पुढचं पाऊल टाकलं की मागचं पाऊल त्याच्यापाठोपाठ सरकतं आणि छातीसमोर तळहात उघडतात-मिटतात, तर सुन. पावलं समांतर आणि धड पुढे कललेलं पण मागच्या पायाच्या रेषेत सरळ, तर वू ज्यानछुआन यांची परंपरा. त्या बाईंची पाठ तिरकी होती ती यामुळे.

या खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की व्हिडिओ बघताना छाती दडपत नाही.

पायरी 3: आकड्यांवरून भांडू नका

'आमचा 108चा', 'तुमचा 85चाच?' असे संवाद कानावर येतील. यांग घराण्याचा लांब फॉर्म कुणी 85 मोजतं, कुणी 103, कुणी 108. फॉर्म मुळात तोच. चिमणीची शेपटी एक धरायची की तिच्यातले चार भाग वेगळे मोजायचे, 'ढगांसारखे हात' जितक्या वेळा येतात तितक्या वेळा मोजायचे की एकदाच, यावर आकडा फिरतो. यांग परंपरेतल्याच चंग मानछिंग (1902–1975) यांचा फॉर्म 37चा म्हणतात तो मात्र खरोखर आखूड आहे, कारण त्यांनी पुनरावृत्ती काढून टाकल्या.

आकड्यापेक्षा वेळ विचारा. 24 चा फॉर्म पाच-सहा मिनिटांत होतो. लांब फॉर्म सावकाश केला तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आपल्याला रोज किती वेळ देता येणार, हे नव्या माणसाने आधी ठरवावं.

पायरी 4: फरक चार खणांत टाका

माझ्या वहीत प्रत्येक फरकासमोर मी एक खूण करते: नाव, क्रम, आकार, वजन.

नावाचा फरक सगळ्यात निरुपद्रवी. चेन घरात 'लान चा ई' आहे, म्हणजे अंगरखा सैलसा खोचणे. यांग घरात त्या जागी 'लान छ्युए वेई' येतं. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. तोंडी शिकवणीत कानाने ऐकलेलं नाव असं बदललं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. चेन घरातला पांढरा हंस यांग घरात पांढरा क्रौंच झाला, तिथेही चिनी उच्चार जवळजवळच आहेत. क्रमाचा फरकही असाच. तो पाठ करायचा आणि पुढे जायचं.

आकाराच्या फरकात मात्र गोष्ट असते. यांग लूछानचे दोन नातू घ्या. थोरला शाओहौ (1862–1930) आणि धाकटा छंगफू (1883–1936) हे सख्खे भाऊ, पण वयात एकवीस वर्षांचं अंतर. थोरला बराचसा काकांकडे, यांग बानहौ यांच्याकडे शिकला. काका तापट आणि लढाऊ म्हणून प्रसिद्ध. शाओहौची ठेवण लहान, आवळलेली आणि वेगवान झाली. छंगफूने शिकवता शिकवता उड्या, झटके, एकदम वेग घेणं असं काढत नेलं आणि फॉर्म मोठा, संथ, एकसारख्या गतीचा केला. आज जगभर यांग म्हणून जे दिसतं ते मुख्यतः छंगफूचं. एका घरातले हे दोन पाठ. यातला 'अस्सल' कोणता?

आणि छंगफूसुद्धा स्वतःशी तंतोतंत जुळत नाही. 1925 साली छापले गेलेले त्याचे फोटो आणि 1934 सालचे फोटो शेजारी ठेवून पाहा. माणूस जाड झालाय, ठेवण बदलली आहे. त्याच्या शिष्यांपैकी कुणी त्याला आधी पाहिलं, कुणी नंतर. प्रत्येकाने आपण पाहिलेला गुरू पुढे दिला. गाण्यातही एकाच बुवांचे दोन शिष्य एकच बंदिश वेगळ्या अंगाने गातात, आणि दोघंही शपथेवर सांगतात की बुवांनी अशीच शिकवली होती. दोघंही खरं बोलत असतात.

चेन घरातली 'जुनी ठेवण' आणि 'नवी ठेवण' ही नावंही अशीच एका घटनेतून आली. चेन फाके (1887–1957) 1928 साली गाव सोडून बेइजिंगला शिकवायला गेले. गावात पुढे चेन चाओफी यांनी 1958 साली परत येऊन नव्या मुलांना तयार केलं. ते 1972 साली गेले. मग चेन फाके यांचा मुलगा चाओख्वेई गावात आला आणि त्याने वडिलांकडून शिकलेला फॉर्म दाखवला. त्यात मनगटाची बारीक वळणं जास्त, झटक्याने शक्ती सोडणं जास्त. गावकऱ्यांना ते नवीन दिसलं, म्हणून 'शिनजिया', नवी ठेवण. स्वतः चाओख्वेई यांच्या लेखी तो वडिलांचा फॉर्म होता. 'जुनं' आणि 'नवं' या लेबलांवरून काय आधीचं ते ठरवायला जाऊ नका.

पायरी 5: चौथा खण, वजन, शरीरावर तपासा

हा भाग मी सावकाश लिहिते, कारण माझ्या शिकण्यात सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

दोन वर्षं 24 चा फॉर्म केल्यावर मी एका दुसऱ्या शिक्षकांकडे लांब फॉर्म शिकायला गेले. त्यांचं सिंगल व्हिप माझ्याहून वेगळं. माझा उजवा हात, पाचही बोटांची टोकं एकत्र करून खाली वळवलेला 'आकडा', खांद्याच्या रेषेत ताठ असे. त्यांचा कोपर जरा लोंबता. मी विचारलं, "सर, माझं चुकतंय का?" ते म्हणाले, "आधी तुझा पूर्ण फॉर्म करून दाखव. तुझ्या सरांनी काय शिकवलंय ते मला बघू दे." मी केला. मध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. मग मला सिंगल व्हिपमध्ये थांबवलं आणि माझ्या पुढच्या डाव्या तळव्यावर आपला तळवा ठेवून हळूहळू भार टाकला. तो भार माझ्या डाव्या खांद्यात येऊन अडकला. खांदा वर उचलला गेला, उजवा कोपर आणखी ताठरला, मागची टाच सुटली. "आता उजवा कोपर नुसता जड होऊ दे," ते म्हणाले. कोपर दोन बोटं खाली आला. खांदे सुटले. आणि त्यांचा भार पाठीतून, कमरेतून मागच्या टाचेत गेल्याचं मला स्पष्ट कळलं. त्यांनी माझा आकार बदलला नव्हता, भाराची वाट मोकळी केली होती. घरी येऊन मी पहिल्या सरांच्या ठेवणीतच, हात त्याच उंचीवर ठेवून, कोपर जड करून पाहिला. तिथेही भार टाचेत उतरला.

ही चाचणी तुम्हीही करा. सोबतीला तळव्यावर अगदी हळू, वाढत जाणारा भार द्यायला सांगा. धक्का नको. सोबती नसेल तर भिंतीला तळवा टेकवून स्वतःच सावकाश रेटा. भार जमिनीपर्यंत पोहोचतो का, की वाटेत खांद्यात, कमरेत, गुडघ्यात कुठे अडकतो, एवढंच बघायचं. यांग पद्धतीने पुढच्या पायावर झुकून, वू ज्यानछुआन यांच्या पद्धतीने दोन्ही गुडघे वाकवून, किंवा चंग मानछिंग यांच्यासारखं धड अगदी उभं आणि मनगट सरळ, मऊ ठेवून पाहा. आकार वेगळे असले तरी भार टाचेत उतरत असेल तर ते एकाच गोष्टीचे पाठभेद समजा. उतरत नसेल तर हात पुस्तकातल्या चित्राशी जुळत असला तरी अजून काम बाकी आहे.

छंगफूने सांगितलेली आणि शिष्य चेन वेईमिंग यांनी लिहून घेतलेली दहा तत्त्वं आहेत. त्यात हात किती अंश वळवायचा, पाऊल किती लांब टाकायचं याचा शब्दही नाही. डोक्याचा माथा हलका वर, खांदे आणि कोपर खाली सोडलेले, कंबर सैल, कोणता पाय भरलेला आणि कोणता रिता हे स्पष्ट, वरचं-खालचं अंग एकत्र चालणारं, जोर न लावता मन लावून: सगळं असंच. ही यादी आरशाशेजारी चिकटवून ठेवा. दोन शिक्षकांमधला फरक या यादीतली एखादी गोष्ट मोडत असेल, तरच त्याला फरक म्हणून गांभीर्याने घ्या.

गुडघ्याबद्दल वेगळं

एक फरक मात्र नुसता पाठभेद म्हणून सोडून देऊ नका: पाऊल वळवण्याचा. काही शिक्षक आधी वजन मागे घेतात, पुढचा पाय रिता करून बोटं बाहेर वळवतात आणि मग पुढे जातात. काही जण वजन त्याच पायावर असतानाच वळतात. दोन्ही पद्धती परंपरेत आहेत. पण दुसरीत कंबर आणि मांडीचा सांधा मोकळा नसेल तर पीळ सगळा गुडघ्यात जातो. एका वर्गात मला 'आमच्याकडे असंच' एवढंच उत्तर मिळालं. मी ऐकत राहिले आणि चार महिने जिना उतरताना कळा सोसल्या. नव्या माणसाने वजन काढूनच पाऊल वळवावं, आणि गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेला ठेवावा. दुखलं की त्याच दिवशी सरांना सांगा. परंपरेच्या नावाखाली दुखणं सोसायला लावणाऱ्या शिक्षकाकडे राहू नका.

पायरी 6: किमान एक वर्ष एकच पाठ

एवढं सगळं वाचून झालं की चार फॉर्ममधलं चांगलं तेवढं घेऊन स्वतःचं काहीतरी बनवायचा मोह होतो. आत्ता नको. फॉर्ममधली प्रत्येक जागा आधीच्या आणि पुढच्या जागेला बांधलेली असते. वू पद्धतीची समांतर पावलं आणि यांग पद्धतीची लांब ढांग एकत्र केली की कमरेला वळायला जागाच उरत नाही. स्पर्धेत उतरणार असाल तर आणखी जपा. तिथे ठरलेल्या फॉर्मच्या ठरलेल्या आकाराला गुण मिळतात. 1989 साली स्पर्धांसाठी बसवलेल्या 42 हालचालींच्या फॉर्ममध्ये चेन, यांग, वू (ज्यानछुआन यांची) आणि सुन अशा चार घरांच्या जागा आहेत, पण त्याची शिवण ज्यांनी घातली त्यांचा त्यामागे आयुष्यभराचा अभ्यास होता.

बदल करायचा हक्क कसा मिळतो, याचं हुंग च्युनशंग (1907–1996) यांच्याइतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ते चेन फाके यांच्याकडे 1930 पासून शिकले आणि पुढे शांतोंग प्रांतातल्या जिनानला राहायला गेले. 1956 साली ते मुद्दाम बेइजिंगला परत आले आणि म्हाताऱ्या गुरूसमोर आपला फॉर्म पुन्हा तपासून घेतला. आज त्यांचे शिष्य करतात तो पाठ इतर चेन शाखांपेक्षा दिसायला बराच वेगळा आहे.

परंपरेचे दावे कसे तपासायचे

'आम्ही थेट अमक्यांच्या परंपरेतले' असं ऐकलं की आधी सनावळी लावा. यांग छंगफू 1936 साली वारले, म्हणजे त्यांच्याकडे स्वतः शिकलेला माणूस त्याआधीचाच हवा. चेन फाके यांच्यासाठी हेच वर्ष 1957. मधल्या पिढ्यांची नावं विचारा, प्रत्येकाकडे किती काळ शिकलात तेही विचारा. दहा दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र आणि दहा वर्षांचं शिष्यत्व यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चीनमध्ये 'पायशी' नावाचा विधी असतो. गुरूला चहा देऊन, वाकून नमस्कार करून विद्यार्थी रीतसर शिष्य होतो. आपल्याकडच्या गंडाबंधनाशी त्याचं सरळ नातं जुळतं. आणि गंडा बांधलेला प्रत्येक जण गवई होत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. विधी झालेला शिक्षक मिळाला तर आदर ठेवा, पण तळव्यावर भार देऊन बघायची संधी सोडू नका. 'बाकी सगळ्यांचं चुकीचं, खरं गुपित आमच्याकडे' असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याच्या क्लासची फी एकदम वर्षाची भरू नका.

दुसऱ्या क्लासमध्ये पाहुणे म्हणून

वर्षभराने, आपल्या सरांना सांगून, दुसऱ्या परंपरेचा एखादा वर्ग बघायला जरूर जा. चिनी शिक्षक असतील तर 'लाओशी' (शिक्षक) म्हणा, तिथल्या विद्यार्थ्यांची पद्धत 'शिफू' (गुरू) म्हणायची असेल तर तसं म्हणा, आपल्याकडचे असतील तर सर किंवा मॅडम. शेवटच्या रांगेत उभं राहा. 'आमच्याकडे हा हात वर असतो' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. त्या तासापुरतं त्यांचंच करा, अगदी लहान मुलासारखं.

समोरून शूट केलेला व्हिडिओ बघून सराव केला असेल तर डावं-उजवं उलटं बसलेलं असण्याचा संभव आहे. ते इथे लगेच कळेल. घरी आल्यावर अंग थंड व्हायच्या आत वहीत चार ओळी लिहा: कोणती हालचाल, काय वेगळं, चारांपैकी कोणता खण, आणि तसं का करतात हे शिक्षकांनी सांगितलं का. 'का' ची जागा रिकामी राहिली तर राहू द्या, पुढच्या भेटीत विचारता येईल. माझ्या वहीत सिंगल व्हिपचीच आता नऊ पानं झाली आहेत, आणि तीन ठिकाणी 'का' ची जागा अजून कोरी आहे.